चार मांजरं, वन बीएचके अन् सोयाबीनचं लिटर : नऊ महिने वापरून झाल्यावर

लिटर म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठी टबात पसरतात ते. मार्चपासून घरात सोयाबीनच्या चोथ्याचं, टोफू लिटर म्हणतात ते, वापरतोय, आता डिसेंबर लागला. म्हणजे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही बघून झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. दोन थैल्या वापरून लई भारी, लई भारी म्हणणाऱ्यांचं वाचूनच मी घेतलं होतं पण त्यात माझ्या कामाचं असं काहीच नव्हतं.

आम्ही लातूरला औसा रोडच्या बाजूला राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात मी, हे, सासूबाई अन् चार मांजरं. मनी सगळ्यात मोठी, अकरा वर्षांची, माझ्या माहेरची, लग्न झालं तेव्हा माझ्यासोबतच आली. बंड्या अन् तिळी ही पार्किंगमधी सापडलेली भावंडं, चिंगी पावसात भिजून जिन्यात बसली होती ती मग घरातलीच झाली. चौघांचीही नसबंदीची ऑपरेशनं झालीत, गॅलरीला जाळी आहे, कोणी बाहेर जात नाही. म्हणजे चौघांची शी-शू जी काय आहे ती ह्याच दोन खोल्यांमधी, अन् मे महिन्यात ४२ डिग्रीला लाईट गेली, पंखे बंद पडले की मांजराच्या शूचा वास काय असतो ते ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. मांजर मुळात वाळवंटाकडच्या रानमांजराच्या वंशातलं, थोड्या पाण्यावर भागवणारं, म्हणून त्याची शू घट्ट असती. त्यातल्या युरियाचा जंतूंमुळं अमोनिया होतो अन् उष्णता जेवढी जास्त तेवढं हे लवकर होतं. आमच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत थांबायची सोय नाही, सकाळी काढलं नाही तर दहा वाजेपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात.

आधी आम्ही सगळं करून बघितलं. वाळू आणली बांधकामावरची, ती पायाला लागून अंथरुणात यायची अन् रोज टब धुवायला दोन बादल्या पाणी. लातूरमधी पाण्याचं बोलायची गरज नाही, २०१६ च्या एप्रिलमधी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते आम्ही विसरलेलो नाहीत, आता नळाला येतंय तरी बादली उचलताना हात आपोआप हिशोब करतो. मग लाकडाच्या वखारीतला भुसा आणला, फुकट मिळाला, पण तो ओला झाला की खाली लगदा अन् वर कोरडा, काय झालंय ते कळतच नाही, शिवाय चिंगीला शिंका सुरू झाल्या.

मग सासूबाईंच्या सांगण्यावरून रानातली काळी माती आणली. त्या म्हणल्या, "अगं, रानात चार एकर पडलंय अन् तू मांजराला माती विकत आणायलीस व्हय?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं हे मला नंतर कळलं. दुकानात जे गोळा होणारं लिटर मिळतं ते बेंटोनाइट, त्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट, अन् आपल्या काळ्या मातीत पण त्याच जातीची चिकणमाती असती. पाणी पिऊन फुगायचं, वाळलं की आकसायचं, म्हणून तर उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात अन् पावसाळ्यात चपलेला किलोभर चिखल लागतो. दोन्हीचं मूळ ज्वालामुखीतच, एक राखेतून झालेलं, एक बेसाल्ट खडकातून. मांजराच्या लिटरची सुरुवातसुद्धा मातीतूनच झाली, १९४७ साली अमेरिकेत एड लो नावाच्या माणसानं शेजारणीला राखेऐवजी मुलतानी माती देऊन बघितली, तिथून हा धंदा उभा राहिला. तर सासूबाईंची कल्पना बरोबर होती, फक्त रानातली माती चाळलेली नसती, त्यात ढेकळं, काड्या, किडे, बाहेरच्या कुत्र्या-मांजरांची घाण, काहीही असू शकतं. अन् शू पडली की तिचा गोळा न होता चिखल झाला अन् चौघांच्या पायांचे ठसे पार देवघरापर्यंत. आठ दिवसांत बंद केलं.

त्यानंतर दोन वर्षं बेंटोनाइट. खोटं कशाला बोलू, गोळा बांधण्यात त्याला तोड नाही. दगडासारखा घट्ट गोळा, झाऱ्यानं उचलायचा, खाली बाकीचं कोरडं. स्वस्त पण आहे अन् इथं दुकानात मिळतं, आपल्याकडचं बरंचसं गुजरातच्या कच्छमधून येतं. पण धूळ! ओतताना तोंडाला ओढणी बांधावी लागायची, टीव्हीवर, डब्यांवर, सगळ्यावर राखाडी थर. ती धूळ ओल्या फडक्यानं पुसली की चिखल होतो, मग परत पुसायचं, म्हणजे इथं पण पाणी आलंच. अन् वजन. महिन्याला वीस किलो तीन मजले वर न्यायचं अन् ओलं होऊन त्याहून जड झालेलं खाली न्यायचं. घंटागाडीवाले दादा एकदा म्हणले, "ताई, घरात बांधकाम चालू हाय का?" त्यांनी मनापासूनच विचारलं होतं, पिशवी उचलून त्यांचा हात अवघडला होता.

तर टोफू लिटर. हे सोयाबीनचं असतं. सोयाबीन भिजवून वाटून दूध काढलं की जो चोथा राहतो तो वाळवायचा, त्यात स्टार्च अन् गवार गम घालायचा, शेवयासारखं दाबून बारीक कांड्या करायच्या. गवार गम म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचाच, ओलं झालं की तोच चिकटतो अन् गोळा धरतो. आमचे हे मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहेत, दिवसभर सोयाबीनच्या ढिगात असतात. पहिली थैली फोडली तर यांनी मूठभर घेऊन वास घेतला अन् म्हणले, "ही तर पेंडच की गं, ह्याला साडेचारशे रुपये?" मी म्हणलं तुमच्या यार्डात सोयाबीनचा भाव पडला म्हणून शेतकरी रडायलेत अन् त्याच्या चोथ्याला हा भाव मिळायलाय, लातुरात कुणीतरी हे करायला पाहिजे. मी हे गंमत म्हणून बोलले नव्हते. आपल्या जिल्ह्यात एवढं सोयाबीन पिकतंय, तेल काढणारे कारखाने इथंच आहेत, अन् मी थैली मागवते ती पाच-सहा दिवस प्रवास करून येती.

वापरताना काय फरक पडला तर पहिला म्हणजे धूळ जवळजवळ नाही. थैलीच्या तळाला थोडा चुरा असतो तेवढाच. दुसरा, कांड्या मोठ्या असल्यामुळं पायाला चिकटून येत नाहीत, आल्या तरी दोन-चार, झाडूनं होतंय, पुसायला लागत नाही. टब धुणं पंधरा दिवसांनी, एका टबाला अर्धी बादली. वजन तर काहीच नाही, सहा लिटरची थैली अडीच किलोची. सासूबाईसुद्धा कचरा खाली ठेवून येतात आता.

गोळा मात्र बेंटोनाइटसारखा नाही होत हे स्पष्ट सांगते. मऊ असतो, लगेच उचलायला गेलं की फुटतो, अर्धा तास थांबलं की जमतं. थर कमी ठेवला तर शू तळाला जाऊन चिकटते अन् मग खरवडत बसा, दोन-अडीच इंच पाहिजेच. अन् बेंटोनाइटचं बारीक फटींचं खोरं इथं चालत नाही, कोऱ्या कांड्या त्यातून पडतच नाहीत, सगळंच उचललं जातं. मी गंजगोलाईच्या बाजारातून मोठ्या भोकांचा स्टीलचा झारा आणला, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून ठेवला म्हणजे स्वयंपाकघरात जायचा नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायलेय ते.

मी रोज सकाळ-संध्याकाळ गोळे मोजते. चार मांजरांचे सकाळचे सहा-सात असतात. कुणाचा कोणता ते पण ओळखू येतं हळूहळू, बंड्याचे मोठे, पेढ्याएवढे, तिळीचे बारीक. मेच्या शेवटी एका सकाळी मोजले तर चारच. मोठा एकही नाही. अन् गॅलरीतल्या टबात कोपऱ्यात पाच-सहा ठिकाणी नुसत्या दोन-दोन कांड्या ओल्या, थेंब पडल्यासारख्या, अन् त्यातल्या काही गुलाबी. हे लिटर पांढरट-पिवळसर असतं म्हणून तो गुलाबी रंग दिसला. राखाडी बेंटोनाइटमधी तो मला दिसला असता असं वाटत नाही, दोन वर्षं वापरलंय मी ते. बंड्याकडं बघितलं तर तो बाथरूमच्या टबात बसायचा, उठायचा, परत गॅलरीत जायचा, मागं चाटत होता. रात्री पण असंच करत असणार पण मी बद्धकोष्ठ समजले असते, खरंच, बाहेरून अगदी तसंच दिसतं.

बोक्याची शूची नळी फार बारीक असती, त्यात खडे किंवा चिकट घट्ट असं काही अडकलं की शू तुंबते अन् एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. ऑपरेशन झालेल्या बोक्याला पण होतं. आम्ही सकाळी साडेआठला डॉक्टरांकडं होतो. पहिल्या ठिकाणी म्हणले संध्याकाळी आणा, ते गाई-म्हशी बघणारे, त्यांच्याकडं मांजराची नळी पण नव्हती. मी थांबले नाही, दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच घेतलं, भूल देऊन नळी घातली. म्हणले संध्याकाळ झाली असती तर किडन्यांचं सांगता आलं नसतं. तीन दिवस नळी होती. यांनी तीन दिवस आडतीवर सुट्टी टाकली अन् मांडीवर घेऊन बसले, ज्यांनी पेंडीला साडेचारशे का म्हणून विचारलं होतं. त्यानंतर त्यांनी थैलीचा भाव कधी काढला नाही.

म्हणून मला विचाराल तर वास, धूळ, वजन हे सगळं नंतरचं. एक मांजर असलं तर त्याच्यावर लक्ष राहतं. चार असली, घर लहान असलं, अन् माणसं कामाला जाणारी असली की कोण टबात गेलं अन् कोण नुसतं बसून आलं हे कळत नाही. मांजर दुखणं दाखवत नाही, लपवतं. ते तेवढं लिटरमधी दिसतं. फिकट रंगाचं, गोळा धरणारं लिटर घ्या अन् मोजा, थैली कोणत्या कंपनीची आहे त्यानं एवढा फरक पडत नाही. ग्रीन टी, लव्हेंडर, कोळसा घातलेलं काळं, असलं घेऊ नका. एक तर रंग कळत नाही अन् वासाचं मांजराला आवडत नाही, मग ते गादीवर करतं. मी साधं, बिनवासाचं घेते.

थैलीवर एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहिलेली असती, फ्लश करा म्हणून. करू नका. एक तर दरवेळेला टाकीभर पाणी, तेही आपल्याकडं. दुसरं म्हणजे ओलं झालं की फुगतं, आमच्या बिल्डिंगमधी ड्रेनेजचा पाईप जुना आहे, एकदा तुंबलं तर खालच्या काकूंना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. अन् तिसरं, मांजराच्या शीमधी टोक्सोप्लाझ्माचे जंतू असू शकतात, गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला बाधतात ते, ते नाल्यात-नदीत सोडायचे कशाला. कागदात गुंडाळून कोरड्या पिशवीत, घंटागाडीत. तुळशीला किंवा भाजीच्या कुंडीतही खत म्हणून घालू नका.

ह्याच टोक्सोप्लाझ्मावरून जूनमधी घरात मोठं झालं होतं. नणंद सातव्या महिन्यात माहेरी आली अन् तिच्या सासरच्यांनी फोनवर सांगितलं, आधी मांजरं बाहेर काढा. मी घाबरले नाही असं नाही. तिच्या डॉक्टरांना विचारलं, आमच्या मांजरांच्या डॉक्टरांना विचारलं, दोघांचं एकच म्हणणं. घरातच राहणारं, कच्चं मांस न खाणारं, उंदीर न मारणारं मांजर असंल तर धोका कमी, अन् शीमधले ते जंतू बाहेर पडल्याबरोबर लागत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोज काढायचं अन् गरोदर बाईनं टबाला हात लावायचा नाही. बस. कच्चं मांस, न धुतलेली भाजी ह्याची भीती तेवढीच. सासूबाईंनी हे ऐकलं अन् नणंदेच्या सासरी स्वतः फोन करून सांगितलं, "आमच्या घरातली माणसं हायती ती, कुठं काढू?" बाळ ऑगस्टमधी झालं, दोघं छान आहेत, चिंगी पाळण्याखाली झोपते.

पावसाळ्यातला तोटा सांगायचाच राहिला, तो मोठा आहे. शेवटी हे धान्यच. ऑगस्टमधी हवा दमट झाली अन् उघडी थैली पंधरा दिवस राहिली तर आत जाळी धरली, पिठात होतात तसले बारीक किडे. एका टबाला मुंग्या पण लागल्या. यांनी सवयीनं धान्यात टाकायची गोळी आणायची म्हणलं, मी हात जोडले. ती गोळी घरात नकोच, तिच्यातून निघणारा वायू माणसाला पण मारतो, अन् बोरिक पावडर पण नको, मांजर पाय चाटतं. उन्हात पसरलं दिवसभर गच्चीवर, चाळलं, अन् गव्हाच्या रिकाम्या पत्र्याच्या कोठीत घट्ट झाकून ठेवलं. आता थैली फोडली की सरळ कोठीत. पावसाळ्यात दोनच्या वर थैल्या मागवत नाही. एक थैली तर कुरिअरमधीच फाटून आली, अर्धी रिकामी, परत करायला चार दिवस घासाघीस करावी लागली.

टब कशानं धुता तेही बघा. फिनेल वापरू नका. मांजराचं लिव्हर फिनॉलसारखी रसायनं पचवू शकत नाही, फरशीवरचं पायाला लागतं, पाय चाटले की पोटात. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी अँटिसेप्टिक पण तसलीच. ब्लीच घालायचं असंल तर आधी टब साबणानं स्वच्छ धुवून शू पूर्ण काढा, शूमधल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं तर विषारी वायू होतो, बंद बाथरूममधी तर अजिबात नको. मी साधा भांड्याचा साबण अन् ऊन वापरते, ऊन आपल्याकडं पुरून उरतंय.

टब किती पाहिजेत, तर मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असं सांगतात, म्हणजे आम्हाला पाच. वन बीएचकेत पाच बसत नाहीत, आम्ही चार ठेवलेत. एक बाथरूममधी, दोन गॅलरीच्या दोन टोकांना, एक हॉलमधी दिवाणाच्या मागं. चारही शेजारी शेजारी ठेवले तर मांजराच्या हिशोबानं तो एकच होतो, एखादं दांडगं मांजर वाटेत बसलं की बाकीच्यांची अडवणूक. आमच्याकडं चिंगी हे करायची, टब लांब लांब केले अन् गादीवर शू करणं थांबलं. विकतची ट्रे घेतली नाही, लहान असती अन् महाग. गोलाईतून कपडे धुवायचे मोठे चौकोनी टब आणले, प्रत्येकी सव्वाशे रुपये, मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी पाहिजे. मनीच्या टबाची एक बाजू यांनी गरम सुरीनं कापून खाली केली, तिला उडी मारवत नाही.

खर्च. आधी बेंटोनाइटला महिना हजार-अकराशे जायचे. आता टोफूच्या चार थैल्या म्हणजे अठराशे, अन् वर मनीचं बेंटोनाइट वेगळं, ते शेवटी सांगते. जवळजवळ दुप्पट. ज्यांना परवडत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, बेंटोनाइट घ्या, जमलं तर पांढरट रंगाचं, अन् मोजत जा. पण पाणी विकत घेत असाल, घर वरच्या मजल्यावर असंल, कुणाला दम्याचा त्रास असंल तर हे वरचे हजार रुपये वसूल होतात. पाचपैकी चार देईन मी, एक किडे अन् मऊ गोळ्यासाठी कापला.

बदलताना एकदम बदलू नका. जुन्यात पाव भाग नवीन, आठवड्यानं अर्धं, असं महिनाभर चाललं आमचं. तिळी अन् चिंगी लगेच सरावल्या, बंड्यानं दोन दिवस कांड्या खाऊन बघितल्या. मनी मात्र टबापाशी जायची, एक पाय ठेवायची अन् मागं घ्यायची. तिसऱ्या दिवशी ती टबाच्या शेजारी फरशीवर बसली अन् माझ्याकडं बघत राहिली. म्हाताऱ्या मांजराचे तळवे दुखतात, कांड्या टोचत असतील, मी परत प्रयत्न केला नाही. दिवाणामागचा टब तिचा, त्यात बारीक बेंटोनाइट, महिन्याला पाच किलो, अन् त्याची धूळ मी पुसते.